कमावलेलं शरीर, तरी अपुरं

हॅरिसन पोप हे अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ. स्टिरॉइड घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या मनाचं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९९३ साली त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी १०८ शरीरसौष्ठवपटूंच्या मुलाखतींवर आधारलेला निबंध छापला, तेव्हा त्यात एक चमत्कारिक गट पुढे आला. ९ जण असे होते की दिसायला चांगले धिप्पाड, पण स्वतःला किरकोळ आणि दुबळे समजणारे. अशी माणसं चारचौघांत जायचं टाळत, भर उन्हाळ्यात जाड कपडे घालत, समुद्रावर शर्ट काढायची वेळ येऊ नये म्हणून तिकडे फिरकतच नसत. अ‍ॅनोरेक्सियात हाडं वर आलेली मुलगी आरशात स्वतःला जाड बघते. इथे सगळा मामला त्याच्या उलट होता, म्हणून पोप यांनी त्याला ‘उलटा अ‍ॅनोरेक्सिया’ म्हटलं. पुढे १९९७ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने ‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव दिलं आणि २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथात त्याला जागा मिळाली. ती जागा देहप्रतिमेच्या विकाराचा एक पोटप्रकार म्हणून, आणि तीही मंत्रचळाशी नातं असलेल्या विकारांच्या प्रकरणात.

हा खरं तर खाण्याचा विकार आहे, असा एका गटाचा आग्रह आहे. काहींना तो व्यसनाच्या जवळचा वाटतो. वेगळं निदान करण्याइतका पुरावा जमलेलाच नाही, असंही आढावा घेणाऱ्या काही संशोधकांनी म्हटलं आहे. हा वाद तज्ज्ञांनी चालू ठेवावा. आपल्याला त्याचा संबंध उपचारापुरता, आणि उपचाराची वेळ येण्याआधी एक मोठी अडचण आहे: हा आजार घरात कुणाला आजार वाटतच नाही.

असा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा. पहाटे पाचला उठतो. खोलीत छोटा वजनकाटा आहे आणि ओट्स त्यावर तोलून घेतले जातात. सहा अंडी उकडतो आणि पाचांतलं पिवळं रूममेटला देतो, त्यामुळे रूममेट खूश. मेसच्या ताटातून भात परत जातो, भाजीवरचं तेल टिश्यूने टिपलं जातं. दर तीन तासांनी डबा उघडतो, मग समोर लेक्चर का चालू असेना. दंडाला टेप लावून वहीत आकडा लिहितो. फोटो नेहमी बाथरूममधल्या त्याच एका दिव्याखाली काढतो, कारण तिथे ‘कट’ नीट दिसतात. तरीही फोटो कुणाला पाठवत नाही, अजून दाखवण्यासारखं काही झालेलं नाही असं त्याला वाटतं. शर्टाच्या आत आणखी एक टी-शर्ट असतो. मित्राच्या बहिणीचं लग्न टाळतो, कारण त्या दिवशी पाय मारायचे असतात आणि पंगतीत काही मोजून खाता येत नाही. दिवाळीला घरी जायच्या आधी गावातली जिम सणात उघडी आहे का, हे फोन करून विचारतो. आईने केलेल्या चकलीला हात लावत नाही आणि आई शेजारणीला कौतुकाने सांगते, “आमचा बाळू काही म्हणजे काही तळकट खात नाही हो.”

यातली एकेक सवय घेतली तर ती निम्म्या जिममध्ये सापडेल. आजार कुठल्या एका सवयीत नसतो. २००० साली पोप यांच्याच गटातल्या रॉबर्टो ऑलिवार्डिया यांनी हा विकार असलेले २४ आणि नसलेले ३० वजन उचलणारे पुरुष शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही गट व्यायाम करणारे, दोन्ही कसलेले. फरक पडला तो डोक्यात काय चालतं त्यात. विकार असलेले दिवसाचे पाच तासांच्या आसपास ‘आपण बारीक आहोत’ याच विचारात घालवत होते. दुसऱ्या गटात हा वेळ पाऊण तासाहून कमी होता. विकाराची सुरुवात सरासरी एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास झालेली होती. म्हणजे घर सोडून कॉलेजला यायचं, पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने जिमची फी भरायची, तेच वय.

महाराष्ट्रात हे ओळखणं आणखी अवघड आहे, कारण व्यायाम म्हणजे सद्वर्तन असं समीकरण आपल्याकडे फार जुनं आणि फार पक्कं आहे. गावोगावचे मारुती, त्यांच्या पारालगतच्या तालमी, राजर्षी शाहूंचं कोल्हापूर आणि खासबागचं मैदान, अमरावतीचं १९१४ पासूनचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, गिरणगावातल्या मंडळांच्या व्यायामशाळा ही सगळी परंपरा मुलाला व्यसनापासून आणि टवाळीपासून दूर ठेवणारी मानली गेली, आणि बऱ्याच अंशी ती तशी होतीही. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृतीने अगदी अशक्त होते. पहिलं वर्ष अभ्यास मागे टाकून तालीम आणि पोहण्यात घालवलं आणि परीक्षेत त्याची किंमत मोजली, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. अंग कमावण्यासाठी वर्ष वाया घालवणारा कॉलेजचा मुलगा ही आपल्याकडे आदराची कथा आहे.

ती तशीच राहावी. पण टिळकांच्या गोष्टीत एक पुढचा भाग असतो. प्रकृती सुधारली आणि ते पुस्तकांकडे वळले. कामापुरतं शरीर झाल्यावर शरीर हा विषय संपला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचंही तसंच असतं. उंची किमान १६५ सेंटीमीटर, छाती न फुगवता किमान ७९ आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटरची वाढ. आकडा ठरलेला आहे, टेप दुसऱ्याच्या हातात आहे, आणि एकदा पास झालं की झालं. लाल मातीतही शरीर जोखलं जातं ते कुस्तीत. पोट सुटलेला पैलवान मैदान मारतो तेव्हा त्याच्या पोटाबद्दल कुणी बोलत नाही. मसल डिसमॉर्फियात पुरेसं कधी झालं हे सांगणारा पंचच नसतो. १४ इंचाचा दंड १५ झाला की १६ हवा असतो, १६ झाला की खांदे लहान वाटू लागतात.

आता दुसरी बाजू. आपला मुलगा स्वतःला बारीक समजतो तेव्हा तो नेहमी चुकतच असतो असं नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय माणूस वजनाने हलका असूनही स्नायूंना कमी आणि चरबीला जास्त का असतो, आणि हे गर्भातच कसं ठरू लागतं, यावर याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आहे. म्हणजे कॉलेजच्या पोराने स्नायू वाढवायला वजन उचलावं, डाळ-अंडी-दूध वाढवावं, हा सल्ला मधुमेहाच्या डॉक्टरांनाही पटेल. तेव्हा जिमला नावं ठेवून हा प्रश्न सुटणार नाही.

पण मुलाला जिमपर्यंत आणणारी गोष्ट मधुमेहाची भीती नसते. ती बहुधा कुणाचं तरी बोलणं असते. काडीपैलवान, सुकट, पाप्याचं पितर, ‘वारा आला तर उडशील’. मामा, शेजारी, वर्गातली पोरं, कबड्डीत शेवटी निवडणारा कप्तान, कुणीही. लहानपणी दिसण्यावरून झालेली चिडवाचिडवी आणि पुढचा हा विकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मुलीला जाडी म्हणायचं नाही, एवढं शहाणपण निदान सुशिक्षित घरांत आलं आहे. मुलाला बारक्या म्हणायला अजून कुणाची जीभ अडखळत नाही.

बोलण्याला चित्राची जोड मिळते. पोप आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकन मुलांच्या खेळण्यांवर टेप लावली. १९६४ चा जी. आय. जो हा बाहुला माणसाच्या उंचीचा केला तर त्याचा दंड सुमारे १२ इंच भरत होता. नव्वदच्या दशकातल्या ‘जी. आय. जो एक्स्ट्रीम’चा जवळपास २७ भरला, म्हणजे प्रत्यक्षातल्या कुठल्याही शरीरसौष्ठवपटूच्या वरचढ. आपल्याकडे हे काम सिनेमाने केलं. धर्मेंद्र दणकट होता, पण त्याच्या पोटावरचे चौकोन मोजावेत असं कुणाला सुचलं नाही. १९९८ च्या ‘प्यार किया तो डरना क्या’मध्ये सलमान खान उघड्या अंगाने गिटार घेऊन आला, २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’साठी शाहरुख खानने चाळिशीत सिक्स पॅक केले, २००८ मध्ये ‘गजनी’च्या आमिर खानने त्यावर कडी केली. तेव्हापासून ‘पॅक’ हा शब्द आठवीतल्या मुलाच्या तोंडी आला. अशा दृश्यासाठी नट पाणी आणि मीठ तोडतात, शॉटच्या आधी पंपिंग करतात, प्रकाश बाजूने टाकतात, आणि ते पोट काही दिवसांचंच पाहुणं असतं, हे त्या मुलाला कुणी सांगत नाही. आता तेच इन्स्टाग्रामवर, आणि तिथला हिरो बाजूच्याच गल्लीतला असतो. सलमानचं शरीर आपलं होणार नाही हे निदान कळत तरी होतं; ‘भाऊ ९० दिवसांत’ म्हणणाऱ्या ओळखीच्या पोराचं रील जास्त जिव्हारी लागतं.

शरीराला औषधाशिवाय किती स्नायू धरता येतात, यालाही मर्यादा आहे. चरबी वजा केलेलं वजन किलोत घेऊन उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गाने भागलं की एक निर्देशांक मिळतो. स्टिरॉइड न घेणाऱ्या पुरुषांत तो साधारण २५ च्या पुढे जात नाही, असं १९९५ मध्ये पोप यांच्या गटाला दिसलं. त्या आकड्याचा अगदी काटेकोर कायदा करता येणार नाही. तरी आज पोस्टरवर दिसणारी कितीतरी शरीरं त्या रेषेपलीकडची आहेत आणि मुलगा त्यांच्याशी बरोबरी करतो आहे ती अंडी खाऊन.

हे सगळं मुली आवडाव्यात म्हणून चालतं, असा सर्वसाधारण समज. त्याबद्दल २००० साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजवयीन २०० तरुणांवर झालेला प्रयोग फार बोलका आहे. त्यांना संगणकावर पुरुषाच्या शरीराची चित्रं दिली होती. बटण दाबलं की स्नायू आणि चरबी कमी-जास्त व्हायची. प्रत्येकाने चार चित्रं निवडायची: स्वतःचं शरीर, हवंसं वाटणारं, सर्वसाधारण पुरुषाचं, आणि बायकांना आवडेल असं वाटणारं. तिन्ही देशांतल्या तरुणांना स्वतःपेक्षा सुमारे १३ किलो जास्त स्नायूंचं शरीर हवं होतं. बायकांना त्याहून थोडं आणखीच लागतं, अशी त्यांची खात्री होती. मग बायकांना विचारलं, तर त्यांनी साध्यासुध्या, फारसे स्नायू न चढवलेल्या पुरुषावर बोट ठेवलं. जिममध्ये चार दिवस उभं राहिलं की याचा उलगडा होतो. तिथे पोराच्या दंडाकडे बघून ‘काय साइज झालीय रे’ म्हणणारी व्यक्ती बहुतेक वेळा दुसरा पोरगाच असते.

विद्यार्थ्यांत हे प्रमाण किती? ब्यूनोस आयर्समधल्या ४७२ विद्यापीठीय तरुणांच्या पाहणीत खाण्याचे विकार २ टक्क्यांच्या आत निघाले आणि मसल डिसमॉर्फिया जवळपास ७ टक्के. इतर देशांतले आकडे याच्या खूप खालीही आहेत आणि खूप वरही. याचं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक ठिकाणी १३ किंवा १५ प्रश्नांची एखादी मोजपट्टी भरून घेतात. जिम चुकली की वाईट वाटतं का, आणखी मोठं व्हावंसं वाटतं का, शर्ट काढायला लाजता का, असे प्रश्न. अशा प्रश्नांना ‘हो’ म्हणणारे ढिगाने मिळतात. आपल्याकडे कॉलेजांमधून होणाऱ्या पाहण्याही बहुशः याच जातीच्या. त्यांतून ‘धोका असलेल्यां’चे आकडे निघतात आणि वर्तमानपत्रात ते ‘रुग्ण’ म्हणून छापून येतात. मोठं व्हायची हौस आणि विकार यांमधली रेष मुलाखतीशिवाय काढता येत नाही. डॉक्टरने समोर बसून विचारायला हवं: यापायी काय काय सुटलं? परीक्षा, मित्र, घरचं जेवण, झोप? एखादा दिवस व्यायाम न करता राहून बघितलंस का, आणि तेव्हा काय झालं?

जिथे हौस आणि विकार दोन्ही सारख्याच धोक्यात येतात, ती जागा म्हणजे जिमच्या कोपऱ्यातलं कपाट. सुरुवात पावडरीपासून. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मीच प्रथिनं होती. १४ टक्क्यांत बुरशीचं विष, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहारविषयक मार्गदर्शिकेत, शरीर वाढवण्यासाठी प्रोटीनचे डबे टाळा, असं स्पष्ट म्हटलं. इथे मला एक अडतं. मेसमध्ये पातळ वरण आणि बटाट्याची भाजी मिळणाऱ्या मुलाला नुसतं ‘टाळा’ म्हणून कसं चालेल? मुलगा डब्याकडे वळतो त्याला त्याचं ताटही कारण आहे.

डब्यानंतर ‘सायकल’, म्हणजे स्टिरॉइडचा कोर्स. टेस्टोस्टेरॉन, डेका म्हणजे नॅन्ड्रोलोन, डायनाबॉल, स्टॅनोझोलॉल. कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. मिळतात, आणि डोस सांगतो तो ट्रेनर. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना काम करायचा संदेश पाठवणं थांबवते. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जादा हार्मोनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि पुरुषी दिसण्यासाठी टोचून घेणाऱ्या मुलाची छाती मुलीसारखी सुटते. पाठीवर पुटकुळ्या, रक्तदाब, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० अनुभवी वजन उचलणाऱ्यांची हृदयं तपासली गेली. दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं, हा आकडा स्टिरॉइड न घेतलेल्यांत सरासरी ६३ होता, वर्षानुवर्षं घेतलेल्यांत ५२.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणखी एक कुपी आली आहे, ‘टर्मिन’ या नावाने ओळखली जाणारी. आत मेफेन्टरमाइन सल्फेट. शस्त्रक्रियेच्या वेळी, विशेषतः पाठीतून भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात. पोरं ते जिममध्ये जोर यावा म्हणून टोचून घेतात. पुण्यात आणि इतर शहरांत पोलिसांनी अशा कुप्या वारंवार पकडल्या आहेत. त्याने स्नायू वाढत नाहीत, फक्त धडधड वाढते आणि थकवा कळत नाही. सवय लागल्यावर संशय आणि भास सुरू झालेले रुग्ण मनोविकारतज्ज्ञांकडे येतात. व्यायामशाळेत जाणारा मुलगा निर्व्यसनी, हे जुनं समीकरण इथे साफ मोडतं. पण घरच्यांच्या मनात ते शाबूत असतं, म्हणून बॅगेत सिरिंज सापडली तरी ‘बी-ट्वेल्व्ह आहे’ हे उत्तर चालून जातं.

या विकाराचा शेवट नेहमी हृदयात किंवा यकृतात होतो असं नाही. २००५ मध्ये देहप्रतिमेचा विकार असलेल्या ६३ पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १४ जणांची तक्रार स्नायूंबद्दल होती. या १४ पैकी निम्म्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. बाकीच्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. १४ हा आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठी विधानं करू नयेत. पण ज्याला घरदार शिस्तीचा पुतळा समजतं, त्याच्या मनात काय चाललेलं असू शकतं, हे कळायला तो पुरेसा आहे.

उपचार आहेत. देहप्रतिमेच्या विकारावर विचार-वर्तन उपचारपद्धती आणि सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची औषधं उपयोगी पडतात, हे सिद्ध झालं आहे. स्नायूंच्या या पोटप्रकारावर स्वतंत्र चाचण्या मात्र थोड्या आहेत, त्यामुळे तेच उपचार बेतून वापरले जातात. मुलाला टेप बाजूला ठेवायला लावायचं, आरशापुढचा वेळ कमी करायचा, एकच टी-शर्ट घालून वर्गात जायचं, ठरलेल्या दिवशी व्यायाम चुकवून ती घालमेल सोसायची, पंगतीत बसून जेवायचं. ‘अरे, केवढा तगडा दिसतोस’ असं सांगून काही फरक पडत नाही. तो ते खोटं मानतो, किंवा तासाभराने पुन्हा विचारतो. व्यायाम पूर्ण सोडायला लावण्याचा हट्टही धरू नये, त्याने मुलगा डॉक्टरच सोडतो.

हा मुलगा मनोविकारतज्ज्ञाकडे आपणहून जात नाही. तो जातो त्वचेच्या डॉक्टरकडे पाठीवरच्या पुटकुळ्यांसाठी, प्लास्टिक सर्जनकडे सुटलेल्या छातीसाठी, आणि लग्नानंतर वंध्यत्वाच्या दवाखान्यात. या तिन्ही ठिकाणी ‘जिममध्ये काय घेतोस?’ हा प्रश्न न ओरडता विचारला गेला, तर बरंच काही बाहेर येईल. मुलगा बोलायला तयार असेल पण दवाखान्याची पायरी चढायला नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. घरच्यांनी मात्र कपाटातल्या कुप्या रागाच्या भरात फेकून देऊ नयेत. बाहेरचं हार्मोन बंद झालं आणि शरीराचं स्वतःचं अजून सुरू व्हायचं आहे, असे काही महिने मध्ये येतात. त्या काळात स्नायू उतरताना डोळ्यांना दिसतात, कामेच्छा जाते, नैराश्य येतं, आणि बहुतेक मुलं इथूनच पुढच्या सायकलकडे वळतात. म्हणून स्टिरॉइड बंद करायचं ते हार्मोनच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि मनोविकारतज्ज्ञाची पहिली भेट त्याच आठवड्यात ठरवून.